ए५२० बोर्डावर ५६००जी: पंखा फिरतो, डिस्प्ले नाही

रायझन ५ ५६००जी प्रोसेसर आणि स्वस्तातला ए५२० मदरबोर्ड. पंखा फिरतो, बोर्डावरचा सीपीयूचा दिवा पेटून राहतो, मॉनिटर काळा. रॅमचा स्लॉट बदलला, केबल बदलली, सीमॉस क्लिअर केला (म्हणजे बोर्डाची सेटिंग्ज मूळपदावर आणली). डोक्याला नुसता ताप. बोर्ड जुन्या स्टॉकमधला, त्याचा बायोस (बोर्ड सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) हा प्रोसेसर ओळखतच नव्हता.

बोर्डाच्या सपोर्ट यादीत ५६००जीसमोर दिलेला बायोस किंवा त्यापुढचा उतरवा, अनझिप करून एफएटी३२ पेनड्राइव्हवर टाका. प्रोसेसरशिवाय बायोस अपडेट करणारं फ्लॅश बटण नसेल (स्वस्तात बहुधा नसतंच) तर तात्पुरता रायझन ५ ३६०० मिळवा. ३२००जी नको, तो ए५२०च्या यादीत बसत नाही. ३६००ला स्वतःचं ग्राफिक्स नाही, म्हणून एखादं जुनं कार्डही लागतं. कूलर सरळ उपसू नका, आधी किंचित फिरवून मोकळा करा. नाहीतर पेस्टला चिकटलेला प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. ३६०० आणि कार्ड बसवा, मशीन चालू करताना डिलीट दाबून बायोसमध्ये जा, तिथूनच अपडेट करा. ठाण्याच्या पावसाळ्यात यूपीएसशिवाय नाही! मग ५६००जी परत, नवी पेस्ट, मॉनिटरची केबल थेट बोर्डाला. एफटीपीएम (प्रोसेसरमधली सुरक्षा-किल्ल्या ठेवायची जागा) रीसेट करायचं का विचारलं तर नव्या मशीनवर ‘वाय’ दाबा.

नवा घेत असाल तर बिल करण्याआधीच दुकानदाराकडून बायोस अपडेट करून मागा.