विमानतळावर हळू चालणाऱ्यांच्या पुढे कसं जावं, कोणालाही न दचकवता

कामामुळे मला महिन्यातून तीन-चार वेळा तरी विमानतळाच्या लांबलचक कॉरिडॉरमधून बॅग ओढत जावं लागतं. मी झपाझप चालते. त्यात अभिमानाचं काही नाही, सवय आहे. पण या विषयावर जे सल्ले वाचायला मिळतात, त्यांनी माझं डोकं उठतं. एकजण सांगतो, दीर्घ श्वास घ्या, जगाला हळू चालू द्या. दुसरा सांगतो, बॅग जोरात खडखडवा, लोक आपोआप बाजूला होतात. पहिला सल्ला देणाऱ्याला कधी कनेक्टिंग विमान पकडायचं नव्हतं, आणि दुसऱ्याच्या पुढे कधी गुडघा दुखणारा माणूस चालत नव्हता, एवढंच मी म्हणेन.

आधी घड्याळ

खरंच उशीर झालाय का, ते बघा. बोर्डिंग पासवरची उड्डाणाची वेळ विसरा. गेट साधारण त्याच्या 15 ते 20 मिनिटं आधी बंद होतं, काही कंपन्यांचं त्याहूनही आधी, आणि आपल्याला गाठायची असते ती ही वेळ.

आता हिशेब. आपण भरभर चालतो तेव्हा सेकंदाला साधारण 1.4 मीटर जातो. निवांत चालणारा माणूस 1 मीटर जातो असं धरा. 500 मीटरच्या कॉरिडॉरला तुम्हाला सहा मिनिटं लागतील, त्याला सव्वाआठ-साडेआठ. म्हणजे अख्खा अर्धा किलोमीटर त्याच्या मागेमागे गेलात तरी गमावलीत जेमतेम अडीच मिनिटं. ज्याचं विमान अडीच मिनिटांनी चुकतंय, त्याचा उशीर घरातून निघतानाच झालेला असतो. पुढे चालणाऱ्याच्या पाठीकडे डोळे वटारून बघण्यात काही अर्थ नाही.

खरोखरच वेळ संपत आली असेल, तर ते प्रवाशांना सांगू नका, कर्मचाऱ्यांना सांगा. सिक्युरिटीच्या रांगेच्या तोंडाशी जो उभा असतो त्याला बोर्डिंग पास दाखवायचा आणि शांतपणे वेळ सांगायची. रांगेतल्या पन्नास जणांची पन्नासदा माफी मागत घुसण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

पुढचे लोक वाचायला शिका

हळू चालणारा मुळात अडचणीचा नसतोच. एका वेगानं, एका रेषेत चालणाऱ्याला ओलांडणं सगळ्यात सोपं. त्रास होतो तो अचानक थांबणाऱ्याचा आणि तिरपा सरकत जाणाऱ्याचा. मोबाईलमध्ये डोकं घातलेला माणूस हळूहळू एका बाजूला वाहत जातो. तो ज्या बाजूला वाहतोय, तिच्या विरुद्ध बाजूनं जा. मान वर करून पाट्या शोधणारा माणूस पुढच्या पाटीखाली थांबणार म्हणजे थांबणारच. उड्डाणांचा मोठा फलक, दोन गेटांकडे फुटणारा रस्ता, सरकत्या जिन्याचा शेवट या जागा आधीच ओळखा आणि तिथे पोचायच्या पंधरा-वीस पावलं आधी बाहेरच्या बाजूला सरका.

तिघं शेजारी-शेजारी चालत असतील तर त्यांच्यामधून जायच्या फंदात पडू नका. फ्रान्समधल्या तुलूज शहरात रस्त्यावरच्या गटांचं निरीक्षण करून 2010 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. गप्पा मारत चालणारे तिघं गर्दी वाढली की इंग्रजी 'व्ही'सारखे चालतात, मधला किंचित मागे आणि कडेचे दोघं पुढे, एकमेकांची तोंडं दिसावीत म्हणून. ते वाचल्यापासून मला प्रत्येक विमानतळावर तो 'व्ही' दिसतो. मधला मागे असल्यामुळे मध्ये फट आहे असं वाटतं. ती फट नसते, तो त्यांच्या गप्पांचा दिवाणखाना असतो. कडेनं जा.

समोरून येणाऱ्यांच्या रांगेत शिरून कोणाला ओलांडू नका. समोरासमोरच्या दोन प्रवाहांत लोक न सांगता आपापल्या रांगा धरतात. तुम्ही एकटे उलट्या रांगेत घुसलात की चार जणांना पाऊल चुकवावं लागतं, आणि शेवटी तुमचाही वेळ वाचत नाही.

आवाज देणं

ही पायरी मला कित्येक वर्षं जमली नाही. आधी मी खाकरायचे. मग बॅगेचं हँडल खटखट करायचे. तेही चाललं नाही तर अगदी पाठीला लागून चालायचे, पुढच्याला जाणवेल या आशेनं. जाणवतं हो, पण नेमकं काय करायचं ते त्याला कळत नाही. तो बिचारा खांदे आवळून तसाच चालत राहतो.

एकदा अशाच घाईत मी एका वयस्कर गृहस्थांच्या मागे होते. हातातल्या बॅगेच्या दांड्यावर त्यांचा बराच भार होता, बॅग म्हणजे त्यांची काठीच होती म्हणा ना. डावीकडे जागा दिसली. मी शिरले आणि त्याच क्षणी त्यांच्या कानाशी 'एक्स्क्यूज मी' म्हणाले. ते दचकून वळले, आणि वळले तेही डावीकडेच. बॅग आडवी झाली, माझा पाय तिच्यात अडकला, आणि ते भिंतीला तळहात टेकून उभे राहिले, डोळे मिटून. पडले नाहीत, हे माझं नशीब. मी सॉरी सॉरी करत राहिले. जरा वेळानं ते म्हणाले, "अहो, कुठल्या बाजूनं जाताय ते तरी सांगायचंत."

तेव्हापासून मी तेच करते, बाजू सांगते. 'तुमच्या डावीकडून जाते हं.' एवढंच वाक्य.

नुसतं 'एक्स्क्यूज मी' का चालत नाही, ते नीट समजून घ्या. मागून हाक आली की माणूस आधी वळून बघतो. मान वळली की खांदा वळतो, खांदा वळला की पाऊल तिकडे पडतं. म्हणजे ज्या बाजूनं तुमचा आवाज आला, त्याच बाजूला तो सरकतो, आणि तुम्ही नेमके तिथूनच निघालेले असता. बाजू सांगितली की त्याला वळायची गरजच उरत नाही. ऐकतो आणि दुसऱ्या बाजूला अर्धं पाऊल सरकतो.

आता अंतर. कानाशी बोलायचं नाही. तीन-चार पावलं मागे असताना बोलायचं आणि त्याआधी स्वतःचा वेग त्याच्याइतका कमी करायचा. धावत येऊन कितीही गोड आवाजात बोललात, तरी पुढच्याला आधी ऐकू येते ती तुमच्या बुटांची धाडधाड. बोललात की एक श्वास थांबा. खांदा हलला किंवा मान डोलली की मग निघा. ही एका श्वासाची सबुरी बहुतेकांना जमत नाही. ते बोलतात आणि त्याच वेळी घुसतात. मग बोलून उपयोग काय?

आवाज नेहमीचा ठेवा. पुटपुटलात तर ऐकू येत नाही आणि दुसऱ्यांदा बोलताना आपोआप चिडका सूर लागतो. भाषा कळणार नाही असं वाटलं तर हातानं बाजू दाखवत 'लेफ्ट' किंवा 'राइट' म्हणा, जगभर चालतं.

'जरा बाजूला व्हा' हे मी जवळजवळ कधीच म्हणत नाही. जागा असेल तर पुढच्यानं का हलायचं? घाई तुम्हाला आहे, वळसा तुम्ही घ्या. वाट पूर्ण अडलेली असेल तेव्हाच 'जरा जाऊ देता?' असं विचारायचं, आणि विचारल्यावर त्यांना सामान आवरायला वेळ द्यायचा. ट्रॉलीवर चार बॅगा असलेलं कुटुंब दोन सेकंदांत भिंतीला चिकटू शकत नाही.

कानात हेडफोन असतील तर? खांद्यावर टकटक करू नका. मागून अनोळखी हात लागणं कोणालाच आवडत नाही, आणि एकटीनं प्रवास करणाऱ्या बाईला तर मुळीच नाही. लांबून वळसा घ्या, तिच्या नजरेच्या कडेला या, मग पुढे जा. सोबत लहान मूल असेल तर मोठ्या माणसाच्या बाजूनं जा, मुलाच्या बाजूनं नाही. मूल कधी कुठे वळेल ते त्याच्या आईलाही ठाऊक नसतं. पांढरी काठी घेऊन चालणाऱ्याला बाजू सांगाच, आणि काठीवरून पाय टाकून जायचा आगाऊपणा चुकूनही करू नका.

सरकता पट्टा

पट्ट्यावर पाय ठेवण्याआधी पुढे बघा. बहुतेक पट्टे सेकंदाला अर्धा ते पाऊण मीटर सरकतात, म्हणजे ते आपल्या चालण्यापेक्षा हळूच असतात. 60 मीटरचा पट्टा सेकंदाला 0.6 मीटरनं सरकत असेल, तर त्यावर उभं राहून 100 सेकंद लागतात. बाजूच्या फरशीवरून भरभर चालत गेलात तर 43. त्यामुळे पट्ट्यावर आडवी ट्रॉली दिसली की मी सरळ फरशीनं जाते आणि बहुतेक वेळा त्यांच्या आधी पोचते. पट्ट्यावर चढून मग पुढच्यांच्या नावानं बोटं मोडणारे लोक मला कळत नाहीत. बाहेर एवढी जागा मोकळी असते!

उभं कोणत्या बाजूला राहायचं, हे ठिकाणाप्रमाणे बदलतं. सरकत्या जिन्यांवर लंडनमध्ये उजवीकडे उभे राहतात, टोकियोत डावीकडे, आणि त्याच जपानमध्ये ओसाकात पुन्हा उजवीकडे. तेव्हा तत्त्वज्ञान नको, पुढचे जिथे उभे आहेत तिथे उभे राहा. चुकीच्या बाजूला उभ्या असलेल्या पाहुण्याला नियम ऐकवायला जाऊ नका. बाजू सांगा आणि निघा. शेवटाला बॅगेची पुढची चाकं किंचित उचला आणि उतरल्यावर निदान पाच पावलं चालत राहा. मागून माणसं येत असतात आणि त्यांना ब्रेक नसतो.

जिथे ओलांडायचंच नाही

विमानाला जोडलेल्या एअरोब्रिजमध्ये पुढे जाण्याचा खटाटोप कशाला करायचा, हे मला आजवर कळलेलं नाही. अरुंद उतार, पुढे विमानाच्या दारात रांग. तिथे गप्प चालायचं.

याउलट, उतरल्यावर पासपोर्ट तपासणीकडे जाणारी वाट ही एकमेव जागा, जिथे भरभर चालण्याचा खरा फायदा होतो, कारण अख्खं विमान एकदम तिकडेच निघालेलं असतं. तिथे मी चालते, आणि लाजत नाही. फक्त सामान चेक-इन केलं असेल तर एवढं लक्षात ठेवा, की बॅग तिच्या वेळेलाच येणार. ज्यांना ओलांडलंत ते सगळे सामानाच्या पट्ट्याशी पुन्हा तुमच्या शेजारी उभे असणार आहेत.

हिरवी दोरी

काहींच्या गळ्यात हिरव्या पट्टीवर पिवळी सूर्यफुलं छापलेली ओळखपत्राची दोरी दिसते. 2016 मध्ये लंडनजवळच्या गॅटविक विमानतळावर ही कल्पना सुरू झाली आणि पुढे अनेक देशांत गेली. वरवर दिसत नाही, पण मला काहीतरी त्रास आहे आणि थोडा वेळ लागू शकतो, असा तिचा अर्थ. ती दिसली तर मागून आवाजही देऊ नका. थांबा, किंवा खूप लांबून जा.

हळू चालणारं माणूस तुमच्यासोबत असेल तर

आईबरोबर जाते तेव्हा मी या गोष्टीच्या दुसऱ्या टोकाला असते. ती प्रत्येक पाटी वाचते. गेट क्रमांक मला पाठ असला तरी ती वाचतेच, आणि वाचताना थांबते. आधी मी तिच्या पुढे चालायचे आणि दर वीस पावलांनी मागे वळून 'चल ना' म्हणायचे. त्यानं ती आणखी गोंधळायची. आता मी तिच्या अर्धं पाऊल मागे, रहदारीच्या बाजूला चालते. तिला भिंतीकडची बाजू देते. ती थांबली की मीही थांबते, मग मागच्याला माझा वळसा घ्यावा लागतो, तिला धक्का बसत नाही.

लांब चालणं झेपणार नसेल तर व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागा. युरोपीय संघात अशा मदतीसाठी निदान 48 तास आधी कळवावं असा नियम आहे, आणि इतरत्रही तेवढं आधी सांगितलेलं बरं. आई दोन वर्षं नको म्हणत होती, लोक काय म्हणतील म्हणून. मागितली तेव्हा कोणी काही म्हटलं नाही. मात्र रांग टाळायला धडधाकट माणसानं व्हीलचेअर मागणं मला चीड आणतं. त्या खुर्च्या मोजक्याच असतात.

पुढे गेल्यावर

उभी ओढायची दोन चाकांची बॅग 1987 मध्ये रॉबर्ट प्लाथ नावाच्या वैमानिकानं बनवली. सोय मोठी, पण ती शेपटासारखी मीटरभर मागे राहते, आणि आपण पुढे गेलो म्हणजे बॅगही गेली असं आपल्याला वाटतं. ओलांडताना बॅग त्या माणसाच्या विरुद्ध हातात घ्या. ओलांडून झाल्यावर चार पावलं सरळ चाला, मगच त्याच्या रेषेत या. आणि एवढं करून पुढे गेलात, तर फोन बघायला लगेच तिथेच थांबू नका.