अर्बन स्टडीजची पदवी घेताय? विषय निवडताना या चुका टाळा

पहिल्या वर्षी हमखास घडतं ते असं : समाजशास्त्राची ओळख, अर्थशास्त्राची ओळख, भूगोलाची ओळख, राज्यशास्त्राची ओळख. दुसरं वर्ष संपेपर्यंत क्रेडिट भरपूर जमतात, पण ठाण्यातल्या क्लस्टर योजनेवर (जुन्या इमारतींचा गटाने एकत्र पुनर्विकास) चार पानं लिही म्हटलं की सुरुवात कुठून करावी हेच सुचत नाही. शहरांचा वेगवेगळ्या विषयांतून अभ्यास करणाऱ्या या पदवीत विषय निवडायची मोकळीक मोठी असते आणि बहुतेक घोळ तिथेच होतात.

प्रश्न न ठरवताच पेपर घेणं

आधी जागा आणि प्रश्न धरा, मग पेपर. समजा तुम्ही नवी मुंबईतल्या कोपरखैरणेत राहता. सेक्टरमध्ये आखीव रस्ते, आणि लागूनच गावठाणात भिंतीला भिंत लावून चार-पाच मजली इमारती, खाली जेमतेम रिक्षा जाईल एवढी वाट. हे असं का? उत्तर शोधायला नवी मुंबई वसवण्यासाठी १९७० साली स्थापन झालेली सरकारी कंपनी सिडको, ९५ गावांच्या जमिनींचं संपादन, त्याविरुद्ध शेतकऱ्यांनी केलेलं १९८४चं जासईचं आंदोलन आणि जमीन गेलेल्यांना साडेबारा टक्के विकसित जमीन परत देणारी साडेबारा टक्के योजना हा इतिहास लागतो. १९६६चा प्रादेशिक व नगररचना कायदा लागतो. सातबारा वाचता यायला हवा, नकाशा करता यायला हवा, आणि गावातल्या आजोबांशी तासभर बोलताही यायला हवं. म्हणजे इतिहास, कायदा, जीआयएस (संगणकावर नकाशे आणि माहिती जोडायचं तंत्र) आणि मुलाखतीचं तंत्र. पेपरची यादी आपोआप तयार झाली! प्रश्न पुढे बदलला तरी बिघडत नाही. मात्र एका विषयात तरी वरच्या पातळीचे तीन-चार पेपर घ्याच, नाहीतर पदवी नुसतीच पसरट होते.

संख्याशास्त्र आणि जीआयएस ‘नंतर बघू’ म्हणणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. गणिताच्या धास्तीने हे पेपर पाचव्या-सहाव्या सत्रावर ढकलले जातात आणि प्रकल्प कोरड्या वर्णनावर निभावून न्यावा लागतो. आकडे कसे फसवतात ते बघा. २०११च्या जनगणनेत ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १ कोटी १० लाख. पण त्यात पालघर धरलेलं आहे, ते १ ऑगस्ट २०१४ला वेगळं झालं. त्याच जनगणनेत नवी मुंबई महापालिकेची लोकसंख्या सुमारे ११ लाख २० हजार. बोलताना आपण खारघर-कामोठ्यालाही नवी मुंबईच म्हणतो, पण ते या आकड्यात नाहीत. तो भाग रायगड जिल्ह्यात मोडतो आणि ऑक्टोबर २०१६पासून पनवेल महापालिकेत आहे. दरडोई पाणी किंवा शाळा काढायला बसलात की पहिल्याच भागाकारात गफलत. हे पेपर तिसऱ्या-चौथ्या सत्रातच उरका. क्यूजीआयएस हे जीआयएसचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यामुळे सॉफ्टवेअर परवडत नाही ही सबब चालायची नाही.

वेळापत्रक न बघता स्वप्नं रंगवणं

वैकल्पिक पेपर पुस्तिकेत छापलेला असतो म्हणून तो दर वर्षी चालतोच असं नाही. विद्यार्थी कमी पडले की रद्द होतो. विभागात जाऊन विचारा, आणि पर्याय हाताशी ठेवा. कोणत्या पेपरआधी कोणता लागतो हेही तेव्हाच बघून घ्या. व्याख्यानाचं एक क्रेडिट म्हणजे साधारण १५ तास, प्रात्यक्षिकाचं ३०. एकाच सत्रात दोन फील्डवर्कचे पेपर घेतले आणि कॉलेज दक्षिण मुंबईत असलं, तर ठाण्याहून रोजची लोकल धरून काय उरतं याचा हिशोब करा. आणि वस्तीतलं सर्वेक्षण जुलैत ठेवू नका.

चौथ्या वर्षाचा विचार चौथ्या वर्षी करणं

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) आराखड्यानुसार तीन वर्षांना किमान १२० क्रेडिट, चार वर्षांना १६०. संशोधनासह ऑनर्स हवं असेल तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात, आणि प्रबंध १२ क्रेडिटचा. स्वयम या सरकारी ऑनलाइन व्यासपीठावरचा कोर्स करायचा असेल तर क्रेडिट धरले जातील का ते विभागाकडून आधी लेखी घ्या. तोंडी ‘हो’वर विसंबू नका. एक कटू गोष्ट : ही पदवी म्हणजे नगररचनाकाराची पदवी नव्हे. त्या सरकारी पदांना सहसा स्थापत्य, वास्तुशास्त्र किंवा नियोजनाची पदवी मागतात.

आधीच चुकलं असेल तर?

तिसऱ्या वर्षात असाल आणि पेपरांचा एकमेकांशी संबंध लागत नसेल, तर पेपर बदलण्याच्या खटपटीत पडू नका. असाइनमेंट बदला. अर्थशास्त्रात ठाण्याच्या वागळे इस्टेट या औद्योगिक वसाहतीतले बंद पडलेले कारखाने, समाजशास्त्रात तिथल्याच कामगार वस्त्या, भूगोलात त्याच भागाचा जमीनवापर. शिक्षक सहसा आडकाठी करत नाहीत. वर्षअखेर प्रबंधाची निम्मी सामग्री हातात असते. महापालिकेची कागदपत्रं लागणार असतील तर माहिती अधिकाराचा अर्ज सहाव्या सत्रानंतरच्या सुट्टीतच टाका. उत्तराची मुदत ३० दिवसांची, आणि नकार आला तर पहिल्या अपिलात आणखी महिना-दीड महिना जातो. दिवाळीनंतर जागे झालात तर कागद हाती येईपर्यंत प्रबंध जमा करायची तारीख उलटून गेलेली असेल.