आठ हजारी शिखर आणि बेस कॅम्पवरचं बसणं

‘आठ हजारी शिखरावर जायचं तर रोज किती पळू?’ गिर्यारोहण क्लबात नव्याने आलेली मुलं हेच आधी विचारतात. पळा की. पण कांचनजुंगाच्या मोहिमेत मी जी दमदार मंडळी खचताना पाहिली, ती चढावर नाही, बेस कॅम्पच्या तंबूत बसून खचली.

मोहीम दीड-दोन महिन्यांची. आठ हजार मीटरवर दर श्वासाला समुद्रसपाटीच्या साधारण एक तृतीयांश प्राणवायू मिळतो. त्याची सवय व्हावी म्हणून कॅम्प एकला जायचं, खाली यायचं. कॅम्प दोनला झोपायचं, पुन्हा खाली. त्याच वाटेने, तेच ओझं घेऊन. मग वाऱ्याची वाट बघायची. मेच्या मध्यावर जेट स्ट्रीम, म्हणजे खूप उंचावरून वाहणारा वेगवान वारा, उत्तरेकडे सरकला की थोडे शांत दिवस मिळतात. तोवर काम एकच, खाणं आणि पाणी पिणं. तेही जमत नाही. साडेपाच हजार मीटरवर भूक मरते, कोरडा खोकला रात्रभर झोपू देत नाही, साधं खरचटलेलंही लवकर भरत नाही. अशात कोणी चमचा वाजवत जेवला तरी डोकं फिरतं! सोबती निवडताना हे लक्षात असू द्या.

कांचनजुंगा ८,५८६ मीटर, जगात तिसरं. सिक्कीममध्ये ते पवित्र मानतात, तिकडून चढाईला बंदी आहे. म्हणून नेपाळमधून, ताप्लेजुंगकडून यालुंग हिमनदीवर जायचं. १९५५ मध्ये पहिल्यांदा वर पोहोचलेले जो ब्राउन आणि जॉर्ज बँडही त्या श्रद्धेचा मान राखून माथ्याच्या जरा खाली थांबले. एव्हरेस्टचा शेवटचा कॅम्प साउथ कोलला, ७,९०० मीटरच्या आसपास. इथला त्याहून बराच खाली, म्हणून शेवटच्या रात्रीची चाल फार लांब आणि परतताना ऑक्सिजनचा हिशेब चुकण्याची भीती मोठी. मे २०१९ मध्ये पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’ या गिर्यारोहण संस्थेचे दहा जण माथ्यावर पोहोचले. त्याच सुमारास बंगालचे दोन गिर्यारोहक वरच्या पट्ट्यातच दगावले.

सह्याद्री पाय आणि कातळावरची नजर देतो, बर्फ देत नाही. त्यासाठी उत्तरकाशीच्या ‘निम’ किंवा दार्जिलिंगच्या ‘एचएमआय’ या गिर्यारोहण शिकवणाऱ्या संस्थेत बेसिक कोर्स करा. साधारण चार आठवड्यांचा असतो. ‘ए’ ग्रेड मिळवा, म्हणजे पुढच्या, ॲडव्हान्स कोर्सचं दार उघडतं. पुढे सहा हजारी, मग सात हजारी. ही पायरी पैसे भरून ओलांडता येते हल्ली, पण माझा त्याला विरोध आहे. सात हजारांवर आपलं शरीर कसं वागतं हे आठ हजारांवर कळून उपयोग नाही.

एक सराव मात्र घरीच करा. जाड मिटन, म्हणजे बोटं एकत्र ठेवणारे हातमोजे, घालून गॅलरीच्या कठड्याला दोर बांधा आणि त्यावर जुमार (दोरावर फक्त वर सरकणारी पकड) चढवा, काढा, कॅराबिनर (उघडझाप होणारी धातूची कडी) पुढच्या दोरात अडकवा. अंधारात, हेडटॉर्चच्या उजेडात. फिक्स रोपच्या, म्हणजे वाटेवर आधीच बांधून ठेवलेल्या दोराच्या, प्रत्येक अँकरपाशी (दोर जिथे बर्फात किंवा कातळात पक्का केलेला असतो तिथे) हेच करायचं असतं, आणि तिथे हातमोजा काढला तर बोटं हिमदंशाला दिलीत म्हणून समजा. क्रॅम्पॉनचे, म्हणजे बर्फासाठी बुटाखाली लावायच्या खिळ्यांच्या साच्याचे, पट्टेही तसेच, हातमोजे न काढता, आवळून बघा.

आणि नाव नोंदवण्याआधी लीडरला थेट विचारा: शेवटच्या चढाईत परत फिरायची वेळ कोणती, माझ्यासोबत शेर्पा असेल का, जादा सिलिंडर कुठल्या कॅम्पला ठेवणार? ‘ते वर गेल्यावर बघू’ असं उत्तर आलं, तर दुसरा गट शोधा.