सुगीआधी ट्रॉलीच्या चाकांचे बेअरिंग उघडून पाहा

पावसाचा जोर ओसरलेला असतो आणि काढणीची धांदल अजून सुरू व्हायची असते. त्या मधल्या उसंतीत छोट्या ट्रॉलीची चाके उघडून बेअरिंग पाहून घ्यावीत. चिखलपाण्यातून चाललेल्या ट्रॉलीच्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या, बेअरिंग बसतात त्या भागात, ओल शिरतेच, पण ओल्या जमिनीवर नुसत्या उभ्या असलेल्या ट्रॉलीचीही सुटका नसते. अनेक जण बाहेरचे टोपण काढून वरून ग्रीस भरतात आणि काम झाले असे समजतात. साध्या हबमध्ये ते ग्रीस मागच्या बेअरिंगपर्यंत पोचत नाही, आणि पाणी बहुधा शिरते ते मागच्या ऑइल सीलमधूनच (ग्रीस आत अडवणारी रबरी कडी). लांबून आलेल्या ट्रॉलीचे हब तापलेले असते. ते तसेच थंड पाण्यात गेले की आतली हवा आकसते आणि सीलच्या ओठावरून पाणी आत ओढले जाते.

आधी चाक उचलून तपासा. ट्रॉली रिकामी करा, दुसऱ्या चाकाला पुढून-मागून उटी लावा, जॅक एक्सलखाली घ्या आणि एक्सलला घोडीचा आधार द्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर हात आत घालू नका. चाक वर आणि खाली धरून हलवा, मग हाताने फिरवा. ठोका लागत असेल, घरघर येत असेल किंवा चाक अडखळत फिरत असेल तर बेअरिंग गेले असे धरूनच चला. आवाज आला नाही तरी हब उघडायचेच आहे.

टोपण, कॉटर पिन (नट सुटू नये म्हणून घातलेली खीळ), नट आणि वॉशर काढले की बाहेरचे छोटे बेअरिंग हातात येते. हब ओढून घेतले की मागचे मोठे बेअरिंग सीलसकट हबमध्येच राहते. डाव्या चाकाचे सामान उजव्यात मिसळू देऊ नका. ग्रीस पुसण्याआधी ते नीट पाहा. दुधाळ झालेले असेल तर पाणी शिरले आहे, काळे आणि जळका वास येणारे असेल तर बेअरिंग तापले आहे, बोटांत चमचमणारी कणी लागली तर धातू झिजतो आहे. मग सगळे डिझेलमध्ये धुऊन पूर्ण कोरडे करा. वाळवताना हवेच्या नळीने बेअरिंग गरगर फिरवू नका. कोरडे रोलर त्यांना धरणाऱ्या जाळीतून सुटून अंगावर येऊ शकतात.

आता उजेडात एकेक रोलर फिरवून पाहा आणि हबमध्ये ठोकून बसवलेल्या कपवर, म्हणजे बेअरिंगच्या बाहेरच्या कड्यावर, नख फिरवा. बारीक खड्डे, उडालेले पापुद्रे, निळसर डाग किंवा वाकलेली जाळी दिसली तर ते बेअरिंग बाद. उभ्या राहिलेल्या ट्रॉलीत एक वेगळी खूण सापडते: कपमध्ये रोलरच्या अंतराअंतरावर काळ्या आडव्या रेषा. रोलर जिथे टेकून होते तिथे ओल साचून धातू खाल्ला गेलेला असतो. नखाला अशी रेषा लागली की मी तरी ते बेअरिंग परत घालणार नाही. धावताना खवले सुटतात ते तिथूनच.

बदलायचे तर रोलर आणि कप दोन्ही बदला. जुन्या कपमध्ये नवे रोलर टाकणे म्हणजे पैसे वाया घालवणे. नंबर बेअरिंगच्या कडेवर कोरलेला असतो. तो पुसट झाला असेल तर जुना नग सोबत न्या. कप मागून पितळी सळईने, आलटून पालटून समोरासमोर ठोकत काढा. नवा कप सरळ बसवा. तो तळाला टेकला की हातोडीचा आवाज बदलतो, खणखणीतचा भरीव होतो. स्टबवर, म्हणजे हब ज्यावर बसते त्या एक्सलच्या टोकावर, ओरखडे किंवा निळी झाक असेल, किंवा बेअरिंगचा आतला भाग त्यावर फिरल्याची खूण असेल, तर नवे बेअरिंगही टिकणार नाही. आधी स्टबचा बंदोबस्त करा.

ग्रीस चाकाच्या बेअरिंगसाठीचे, एनएलजीआय 2 प्रतीचे (हा ग्रीसच्या घट्टपणाचा क्रमांक) घ्या. जुन्या ग्रीसमध्ये नवे मिसळू नका. दोन जाती एकत्र आल्या की पातळ होऊन वाहून जाऊ शकतात. तळहातावर ग्रीसचा गोळा घेऊन बेअरिंगची रुंद बाजू त्यावर दाबत राहा, दुसऱ्या बाजूने रोलरांमधून ग्रीस बाहेर येईपर्यंत. हब मात्र गच्च भरू नका, नाहीतर ते तापते. सील दर वेळी नवे हवे, आणि त्याचा स्प्रिंगचा ओठ ग्रीसकडे, म्हणजे आत.

नट चुकीचा आवळल्यामुळेही बेअरिंग बिघडतात, म्हणून इथे घाई नको. हब हाताने फिरवत फिरवत नट पान्याने चांगला आवळा. छोट्या ट्रॉलीच्या एक्सलला साधारण 68 न्यूटन-मीटर जोर पुरतो. बनवणाऱ्याने वेगळा आकडा दिला असेल तर तो पाळा. त्याने रोलर जागेवर बसतात. मग हब न फिरवता नट पूर्ण सैल करा आणि पुन्हा फक्त बोटांनी टेकेल इतका फिरवा. पिनेचे भोक जुळत नसेल तर नट पुढे न आवळता मागे, जवळच्या खाचेपर्यंत आणा. हबला नखभरही नाही इतका, मिलिमीटरच्या काही शतांशांचा हेलकावा राहतो, आणि तो राहायलाच हवा. पान्याने घट्ट ठेवलेले बेअरिंग भाराखाली तापून फुगते, त्याला जागा उरत नाही आणि ग्रीसचा थर पिळून निघतो. कॉटर पिन नवीनच घाला.

पहिल्या भारानंतर 15-20 किलोमीटरवर थांबून दोन्ही हबना हात लावून पाहा. कोमट चालेल, हात ठेवता येत नसेल तर नट पुन्हा तपासा. एकच बाजू जास्त तापत असेल तर दोष तिथेच आहे. चाकाचे नट 50 ते 80 किलोमीटरनंतर परत आवळा.

ग्रीस बदलणे वर्षातून एकदा; चाक हबपर्यंत पाण्यात बुडाले तर त्याच आठवड्यात. धुताना दाबाच्या पाण्याचा झोत सीलवर धरू नका. ट्रॉली बरेच दिवस उभी राहणार असेल तर कोरड्या, टणक जागेवर ठेवा आणि मधूनमधून चाके थोडी फिरवत राहा.