डिस्क प्लेट बदलताय? आधी या चुका टाळा

मोटरसायकलचा ब्रेक दाबला की हँडल थरथरतं, लिव्हर बोटांना मागे ढकलतो, आणि गॅरेजात निदान तयारच असतं: "प्लेट आऊट झालीय, बदलून टाका." नवी प्लेट बसते, बिल होतं आणि काही आठवड्यांत तीच थरथर परत सुरू. प्लेट सहसा आपणहून खराब होत नाही. अडकलेला कॅलिपर (प्लेटवर दोन्ही बाजूंनी पॅड दाबणारा भाग), हबवरचा (चाकाच्या मधल्या, प्लेट बसते त्या भागावरचा) गंज किंवा चालवणाऱ्याची सवय, यांपैकी कुणीतरी तिला खाल्लेलं असतं. ते तसंच ठेवून प्लेट बदलली की नवीही त्याच वाटेनं जाते.

प्लेट खरोखर वाकली आहे का, हे डोळ्यांनी ठरवू नका. डायल गेज लावून चाक हातानं फिरवायचं आणि काटा किती हलतो ते बघायचं. मर्यादा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असते; पुष्कळ गाड्यांत ती ०.३ मिमीच्या आसपास आहे. काटा मर्यादेत असूनही थरथर येत असेल, तर प्लेटवर पॅडचा थर जागोजागी चिकटलेला असू शकतो, किंवा गडबड कोनसेटमध्ये (हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगमध्ये) किंवा चाकाच्या बेअरिंगमध्ये असते. कोनसेट सैल असेल तर पुढचा ब्रेक दाबून गाडी पुढेमागे हलवल्यावर हँडलच्या बुडाशी टक्‌ असा झटका जाणवतो.

कॅलिपर अडकतोय का, हे बघायची सोपी युक्ती आहे. मोकळ्या रस्त्यावर काही किलोमीटर शक्यतो ब्रेक न लावता जा, हळूहळू थांबा आणि प्लेटवर पाण्याचे दोन थेंब टाका. चर्रर्र झालं तर पॅड प्लेटला घासतायत. बोट लावून बघायच्या फंदात पडू नका. निळसर पडलेली प्लेटही हेच सांगत असते. दोष बहुतेकदा कॅलिपरच्या सुकलेल्या पिनांत किंवा गंज धरलेल्या पिस्टनमध्ये निघतो. पिनांना ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लागतं. बेअरिंगचं साधं ग्रीस फासलं की रबर फुगतं आणि पिन आणखी घट्ट बसते.

जाडी मोजताना

किमान जाडी प्लेटवरच कोरलेली असते, साधारण "मिन टीएच ३.५ एमएम" अशा अर्थाच्या इंग्रजी अक्षरांत. आकडा गाडीगणिक बदलतो, म्हणून मित्राच्या गाडीवरून अंदाज बांधू नका. मोजताना एक चूक सर्रास होते. पॅड प्लेटच्या अगदी कडेपर्यंत पोचत नाहीत, त्यामुळे कडेला न झिजलेली बारीक धार उरते. व्हर्नियरचे जबडे त्या धारेवर टेकतात आणि झिजलेली प्लेटही नव्यासारखी जाड भरते. मायक्रोमीटरनं, पॅड जिथं घासतो तिथं, चार-पाच जागी मोजा. चर पडलेली प्लेट लेथवर साफ करून आणणारेही भेटतात. मोटरसायकलची प्लेट मुळातच पातळ असते, तिच्यात कापायला काही उरत नाही.

प्लेट बसवताना

जुने बोल्ट थ्रेडलॉकरनं (आटे सुटू नयेत म्हणून लावलेल्या चिकट द्रवानं) जाम झालेले असतात. झिजलेली एलन की घालून जोर लावला की बोल्टाचं डोकं गोल होतं आणि पाच मिनिटांच्या कामाला दुपार जाते. हीटगननं बोल्ट गरम करा, नीट बसणारा बिट वापरा. हबचा बसायचा पृष्ठभाग तारेच्या ब्रशनं चकचकीत करा. इथला गंजाचा एक कण नवी कोरी प्लेट आऊट करायला पुरतो. प्लेटवर बाण असेल तर तो चाक पुढे फिरण्याच्या दिशेनं हवा. बोल्ट समोरासमोरचे धरून दोन-तीन फेऱ्यांत आवळा आणि शेवटी टॉर्क रेंच (नेमक्या ठरलेल्या जोरानं आवळायचा पाना) लावा. "हाताला अंदाज आहे" हे वाक्य ब्रेकच्या कामात ऐकून घेऊ नका.

नव्या प्लेटला गंज धरू नये म्हणून तेलाचा थर असतो. ब्रेक क्लीनरनं तो काढा आणि मगच बसवा. पॅडही नवेच घाला. जुन्या पॅडवर जुन्या प्लेटचे चर उतरलेले असतात. तेल प्यायलेला पॅड गॅसवर भाजून किंवा पॉलिश पेपरनं घासून पुन्हा लावायची पद्धत आहे, ती विसरा. (मागच्या प्लेटवर तेल येतं कुठून? चेनला मारलेल्या स्प्रेमधून, आणि वॉशिंगवाल्यानं गाडी चमकवायला उडवलेल्या डिझेलमधून.)

चाक बाहेर असताना लिव्हर चुकूनही दाबू नका, पिस्टन बाहेर येतात. जाड पॅड बसवताना पिस्टन आत ढकलले की मास्टर सिलेंडरमधलं ब्रेक ऑइल वर येऊन सांडतं आणि टाकीचा रंग उडवतं, म्हणून आधी फडकं गुंडाळा. आणि गाडी हलवण्याआधी लिव्हर घट्ट होईपर्यंत पंप करा. गॅरेजच्या दारातून निघताना पहिलाच ब्रेक पोकळ लागतो, तो इथं विसरल्यामुळेच.

पहिले काही किलोमीटर साठच्या वेगावरून दहा-पंधरापर्यंत मध्यम ब्रेक लावत वेग उतरवा, मध्ये प्लेट थंड होऊ द्या, असं दहा-बारा वेळा. तापलेल्या प्लेटवर ब्रेक दाबून उभं राहिलं तर पॅडचा शिक्का उमटतो आणि थरथर तिथूनच सुरू होते.

उजवा पाय

मागची प्लेट संपत आलेली आणि पुढची कोरी, अशा गाड्या भरपूर दिसतात. चालवणारा पायानंच ब्रेक मारतो, असा त्याचा अर्थ. (जुन्या बुलेटवाल्यांनी डावा पाय वाचावं.) ब्रेक लागला की वजन पुढच्या चाकावर येतं, मागचं हलकं होऊन घसरायला लागतं. थांबवण्याचं मोठं काम पुढचाच ब्रेक करतो. "पुढचा मारला की पडतो" ही भीती लिव्हर एकदम ओढणाऱ्यांची आहे. आधी हलका दाब, वजन पुढे आलं की वाढवत न्यायचा. ताशी ६० किमी वेगात गाडी सेकंदाला साधारण १७ मीटर जाते, म्हणजे हात लिव्हरकडे जाईपर्यंतच तेवढा रस्ता मागे पडतो. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतरचं अंतर चौपट होतं.

घाटात ही सवय महागात पडते. आंबोली किंवा ताम्हिणी उतरताना मागचा ब्रेक सतत दाबून ठेवला की ब्रेक ऑइल उकळतं, त्यात वाफ होते आणि पेडल खाली बसतं. डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) चं ताजं ऑइल किमान २३० अंश सेल्सियस सहन करतं, पण ते हवेतला ओलावा शोषतं आणि ओलावलेल्या ऑइलचा उत्कलनबिंदू १५५ पर्यंत उतरू शकतो. म्हणून दोन वर्षांनी ते बदलायचंच, कोकणातल्या दमट हवेत तर आधीच. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळू नका.

घाट दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, इंजिनाला गाडी धरायला लावून उतरा. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करणाऱ्यांसाठी: फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये थ्रॉटल सोडून उतरताना इंजिन इंधन जवळपास घेतच नाही. वाचत काही नाही, इंजिनाचा आधार मात्र जातो.

पावसात प्लेटवर पाण्याचा पापुद्रा असतो, पहिला क्षण ब्रेक लागत नाही. वळणाआधी लिव्हर हलका दाबून प्लेट पुसून घ्या.

१२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना १ एप्रिल २०१९ पासून एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) बंधनकारक आहे, पण सिंगल चॅनेल असेल तर तो पुढच्याच चाकाला असतो. मागचं चाक लॉक होऊ शकतं. एबीएस सुरू झाला की लिव्हर धडधडतो. घाबरून सोडू नका, दाबून धरा. आणि प्लेट बदलल्यावर गाडी पुढे निघाली तरी एबीएसचा पिवळा दिवा विझत नसेल, तर काम करताना सेन्सरची वायर ओढली गेलीय किंवा सेन्सर जिच्यावरून चाकाचा वेग ओळखतो त्या दातेरी रिंगला धक्का बसलाय. गाडी परत फिरवा आणि त्याच मेकॅनिककडून बघून घ्या.