बिझनेस सेंट्रलसाठी व्हीएस कोड लावताना

मायक्रोसॉफ्टच्या बिझनेस सेंट्रल या हिशेब-व्यवसाय सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमधून कोड लिहायचा जुना सी-साइड एडिटर 2019 च्या उत्तरार्धातल्या आवृत्तीत गेला. तेव्हापासून नवं फील्ड किंवा पेज जोडायचं तर व्हीएस कोड हा मायक्रोसॉफ्टचा कोड एडिटर आणि त्यातलं 'एएल लँग्वेज' एक्स्टेन्शन (एएल म्हणजे बिझनेस सेंट्रलची प्रोग्रामिंग भाषा) लागतंच.

एक्स्टेन्शन टाकलं की कमांड पॅलेटमधून (व्हीएस कोडमधली कमांड शोधायची पट्टी) 'एएल: गो!' चालवा. प्रोजेक्टचा सांगाडा तयार होतो. मग लाँच डॉट जेसन या सेटिंगच्या फाइलमध्ये सँडबॉक्सचं, म्हणजे चाचणीसाठीच्या सिस्टिमचं नाव नीट लिहा. प्रॉडक्शनवर, म्हणजे रोजच्या कामाच्या खऱ्या सिस्टिमवर, इथून थेट पब्लिश करता येत नाही, आणि ते बरंच आहे. सुरुवातीला सगळा कोड लाल रेघांनी भरलेला दिसेल. घाबरू नका, 'डाउनलोड सिम्बॉल्स' केलं (म्हणजे मूळ टेबलं-पेजांची माहिती सँडबॉक्सवरून उतरवून घेतली) की बहुतेक रेघा जातात.

खरं लक्ष द्यायचं ते अ‍ॅप डॉट जेसन या फाइलमधल्या आयडी रेंजकडे, म्हणजे तुमच्या टेबल-पेजना द्यायच्या नंबरांच्या टप्प्याकडे. साच्यात 50100 ते 50149 असं आयतं मिळतं आणि जो तो तेच ठेवतो. मग एकाच सिस्टिमवर दोन अ‍ॅप आली, दोघांत 50100 नंबरचं टेबल निघालं, की दुसरं अ‍ॅप बसतच नाही. ग्राहकापुरत्या बदलांसाठी 50000 ते 99999 एवढी ऐसपैस जागा आहे. कुणाला कुठला तुकडा, हे टीमच्या एका शीटमध्ये आधीच वाटून घ्या.

लाँच डॉट जेसनमध्येच 'स्कीमा अपडेट मोड' असतो; पब्लिश करताना टेबलांचं काय करायचं, ते तो ठरवतो. तो 'रीक्रिएट'वर असेल तर दर पब्लिशला तुमच्या टेबलांतला टेस्ट डेटा साफ! 'सिंक्रोनाइझ'च राहू द्या.