मुलांना येशू शिकवताना: या चुका टाळा

"टीचर, येशूला कधी राग यायचा का?" पहिलीतल्या एका मुलाने विचारलं होतं. मी पटकन "छे रे, येशू कधीच रागावत नसे" असं सांगून मोकळी झाले. मुलगा गप्प झाला आणि खिडकीबाहेर बघू लागला. घरी जाऊन मार्कचं शुभवर्तमान (येशूचं चरित्र सांगणाऱ्या बायबलमधल्या चार पुस्तकांपैकी एक) उघडलं, तर तिसऱ्या अध्यायात सरळ लिहिलेलं: वाळलेल्या हाताच्या माणसाला शब्बाथ, म्हणजे ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवशी बरं करताना येशूने भोवती गप्प बसलेल्यांकडे रागाने पाहिलं. म्हणजे मुलाचा प्रश्न बरोबर आणि माझं उत्तर चूक.

तेव्हापासून मला वाटतं, सगळ्यात मोठी चूक हीच. आपण मुलांसमोर सदा हसरा, गुळगुळीत येशू ठेवतो. चित्रातला कोकरू घेतलेला. मग त्याचा स्वभाव शिकवायला उरतंच काय? शुभवर्तमानांतला येशू दमतो आणि वादळातही नावेत उशीवर डोकं ठेवून झोपतो. मित्राच्या कबरेपाशी रडतो. अटकेच्या आधी गेथशेमाने बागेत घाबराघुबरा होतो. आणि शिष्य लहान मुलांना हाकलायला लागतात तेव्हा शिष्यांवर चिडतो. ही शेवटची गोष्ट वर्गात सांगून बघा. मोठ्यांना कुणीतरी रागावलं म्हटल्यावर मागच्या बाकावरचेसुद्धा पुढे सरकतात.

गोष्टीच्या शेपटीला तात्पर्य बांधणे

जक्कयची गोष्ट घ्या. यरीहोतला मुख्य जकातदार, श्रीमंत, बुटका. गर्दीत येशू दिसेना म्हणून उंबराच्या झाडावर चढून बसला. येशू झाडाखाली थांबला, नावाने हाक मारली, आणि म्हणाला, लवकर खाली ये, आज मला तुझ्याच घरी उतरायचंय. बस. तिथे येशूने प्रवचन दिल्याचं ही गोष्ट सांगणारा शुभवर्तमानकार लूक लिहीत नाही. जक्कय आपणहून उठून म्हणतो की अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याला फसवलं असेल त्याला चौपट परत करतो.

इथे आपण घाईघाईने म्हणतो, "म्हणून मुलांनो, कधी लाच घेऊ नये." आठ वर्षांच्या मुलाला कोण लाच देतंय? त्यापेक्षा विचारा, बाहेरचे लोक कुरकुर का करत होते? जकातदार रोमन सत्तेसाठी कर गोळा करायचे आणि वर स्वतःसाठीही उकळायचे, एवढं आधी सांगून ठेवा. म्हणजे "फसवणाऱ्याकडे जेवायला जाणं बरोबर की चूक?" यावर वर्ग आपोआप भांडतो. भांडू द्या. एक मुलगी म्हणाली होती, "आधी पैसे परत केले असते तर मी गेले असते." उलट क्रम येशूने का निवडला, यावर उरलेला तास गेला. फळ्यावर मी काहीच लिहिलं नाही.

जागा आणि माणसं पुसून टाकणे

येशू गालीलचा ज्यू होता, शब्बाथ दिवशी सभास्थानात जायचा. हे सांगितलं नाही तर मुलांच्या डोक्यात तो ढगांत कुठेतरी राहतो. गालीलचा समुद्र हा मुळात गोड्या पाण्याचा तलाव, सुमारे 21 किलोमीटर लांब, समुद्रसपाटीपासून दोनशे मीटरहून खाली. भोवतीच्या डोंगरांवरून वारा उतरला की पाणी एकदम खवळतं. 1986 साली दुष्काळात पाणी ओसरलं तेव्हा किनाऱ्याच्या चिखलात एक जुनी नाव सापडली, साधारण येशूच्या काळातली. लांबी आठ मीटरच्या वर, रुंदी सव्वादोन मीटरच्या आसपास. ती येशूची होती असं कुणी सांगू नये, पण मापं फार कामाची आहेत. मी खडूने तेवढी नाव जमिनीवर आखते आणि तेरा मुलांना आत बसवते. एक जण झोपतो, बाकीचे डुलतात. झोपलेल्याच्या अंगावर कुणीतरी पडतंच. मग "तरी तो झोपून कसा राहिला?" हा प्रश्न मुलंच विचारतात.

याच खात्यातली एक चूक मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही: "ज्यूंनी येशूला मारलं" हे वाक्य. येशू, त्याची आई, बाराही शिष्य ज्यू. क्रूस ही रोमन शिक्षा आणि हुकूम रोमन सुभेदार पिलाताचा. काही पुढारी विरोधात होते, ते तसंच सांगा. साऱ्या ज्यू लोकांवर दोष ठेवता येत नाही, असं कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही 1965 मध्ये स्पष्ट म्हटलं आहे.

लहानांना खिळे आणि रक्ताचं वर्णन नको. पण तास क्रूसावरच्या मरणाच्या शुक्रवारवर संपवूही नका. मुलं घाबरून घरी जातात. वेळ कमी असेल तर मधलं गाळा, येशू पुन्हा उठला ती रविवारची सकाळ त्याच दिवशी सांगा.

नाताळची खिचडी

नाटकात मेंढपाळ आणि मागी (पूर्वेकडून आलेले ज्ञानी लोक) शेजारीशेजारी उभे असतात. गव्हाण आणि मेंढपाळ लूकमध्ये, तारा आणि मागी मत्तयमध्ये. मागी येतात ते घरात, आणि ते तीन होते असं लिहिलेलंच नाही. भेटी तीन: सोनं, ऊद, गंधरस. नाटक बंद करायची गरज नाही. पाचवी-सहावीच्या मुलांना दोन्ही अध्याय देऊन फरक शोधायला लावा, फार आवडतं. हुशार मुलगा विचारेल, येशू ज्याच्या काळात जन्मला तो हेरोद राजा इ. स. पू. 4 मध्ये वारला, मग ख्रिस्ताचा जन्म ख्रिस्तपूर्व कसा? तर ही कालगणना सहाव्या शतकात बसवली गेली आणि तेव्हा हिशेब काही वर्षांनी चुकला.

वर्ग अडतो तेव्हा

"ही गोष्ट ऐकलीये!" असा ओरडा झाला की दुसऱ्या कुणाच्या तोंडून सांगा. चांगल्या शोमरोन्याचा दाखला, म्हणजे वाटेत लुटलेल्या जखमी माणसाला मदत करणाऱ्या परक्या जमातीतल्या वाटसरूची गोष्ट, सराईवाल्याकडून ऐकवा: अनोळखी माणूस जखमी पाहुणा टाकून गेला, दोन दिनार, म्हणजे मजुराची दोन दिवसांची मजुरी ठेवून गेला, आणि जास्त खर्च झाला तर परत येताना देतो म्हणाला. विश्वास ठेवायचा का?

"येशू खरंच पाण्यावर चालला?" वर्गात वेगवेगळ्या धर्मांची मुलं असतील तर "शुभवर्तमानात असं लिहिलंय आणि ख्रिस्ती लोक ते मानतात" एवढं प्रामाणिक उत्तर पुरतं. चर्चच्या रविवारच्या शाळेत तुम्ही स्वतः काय मानता ते सांगा, पण "असे प्रश्न विचारू नयेत" हे नको.

एक प्रश्न मात्र दरवेळी अडवतो. सभास्थानाचा अधिकारी याईर याची मेलेली बारा वर्षांची मुलगी उठून बसते, येशू म्हणतो, हिला काहीतरी खायला द्या, मुलं खूश होतात, आणि एखादा हळूच विचारतो, "मग माझी आजी का नाही उठली?" पूर्वी मी देवाची योजना वगैरे सांगायचे. आता सांगते की मित्र गेला तेव्हा येशूसुद्धा रडला होता. मग त्याच्या शेजारी बसून आजीचं नाव विचारते.